आठ वर्षं सोबत असलेला सेटर सोडून चाललाय. कारागीर टिकवायचा कसा?

मायक्रॉन
गुरुवार, सकाळी ११.०५

आज सुट्टी, मशिनं बंद आहेत, म्हणून जरा निवांत लिहितोय. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ (धातू कापणारी संगणकी मशिनं) आणि चौदा माणसं. व्हॉल्व्ह बॉडी आणि पंपाचे काही भाग करून देतो. परवा शिफ्ट सुटल्यावर माझा सेटर (मशिनवर टूल आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून देणारा) केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, महिनाअखेरपर्यंतच येईन." चाकणला एका मोठ्या कंपनीत लागतोय. माझ्याकडे हातात २६ हजार पडतात, तिथे ३४. वर बस आणि कॅन्टीन.

आठ वर्षांपूर्वी आयटीआय करून आला तेव्हा त्याला टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) मशिनमध्ये कसा भरायचा तेही येत नव्हतं. आता इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या टोकाची) धार गेली हे नुसत्या आवाजावरून सांगतो. नवीन ड्रॉइंग हातात आलं की आधी जॉब धरायचा कुठे ते बघतो, मग बाकीचं. एका बॉडीचा सायकल टाइम त्याने २२ मिनिटांवरून १७ वर आणला, मी न सांगता. तो गेला की दोन मशिनं अडकणार हे नक्की.

आठ हजार एकदम वाढवणं मला झेपणार नाही. त्याला दिले तर बाकीचे तेरा जण उद्या दारात उभे राहतील, आणि त्यांचंही चूक नाही. तुमच्यापैकी कोणी लहान धंद्यात माणसं टिकवली असतील तर कशी ते सांगा. आणि मनाला लागलंय ते वेगळंच आहे. सगळं ठरवून झाल्यावर त्याने मला सांगितलं. आधी एकदा बोलला असता तर?

रोखठोक६७
गुरुवार, सकाळी ११.४०

तीस वर्षं धंद्यात आहे, म्हणून सरळ सांगतो. चूक तुमची आहे. सगळी कळ एकाच माणसाच्या हातात दिलीत. मी प्रोग्रॅमिंग स्वतःकडे ठेवतो, सेटरला सेटिंग, ऑपरेटरला बटण. शिवाय कामावर घेताना ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घेतो आणि दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतो. जाणारा जातोच, पण निदान सांगून जातो.

पहाटवारा
गुरुवार, दुपारी १२.१०

वाचतेय. आमच्या मसाल्याच्या कांडपावरही हीच रड आहे.

दावा_क्रमांक
गुरुवार, दुपारी १२.३५

रोखठोक, दोन्ही गोष्टी तपासून घ्या. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम २७ वाचा. एखाद्याला त्याचा कायदेशीर धंदा किंवा काम करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. "सोडल्यावर दोन वर्षं दुसरीकडे जायचं नाही" असं लिहून घेतलं तर तो कागद कोर्टात टिकत नाही. प्रशिक्षणावर तुम्ही खरोखर खर्च केला असेल तर त्यातली वाजवी रक्कम मागता येते, पण त्याच्या पावत्या लागतात. मशिनवर काम करता करता शिकला, हा खर्च दाखवता येत नाही.

सर्टिफिकेटं मात्र आजच परत करा, हे मी कळकळीने सांगते. तो कागद त्या मुलाचा आहे. बापाने शेत गहाण टाकून मिळवलेला असतो कधीकधी.

ओतशाळा
गुरुवार, दुपारी १.२०

मी कोल्हापूरचा, शिरोलीत फौंड्री आहे. आमच्याकडं तर सेटरपेक्षा मोल्डर (ओतकामाचा साचा करणारा) मिळणं अवघड. एवढ्या धगीत उभं राहायला पोरं तयार नाहीत, आणि का व्हावीत? निम्म्याहून जास्त माणसं बिहार, यूपी, ओडिशाची आहेत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे गावी गेले. आम्ही दोघं भाऊ. मी म्हणलं, रोज तीन-तीन जणांना फोन करायचा. काम कधी सुरू होणार ते विचारायला नव्हं, घरचं कसं चाललंय ते विचारायला. जायच्या आधीची राहिलेली हजेरी पहिल्याच आठवड्यात खात्यावर टाकली होती. शेजारच्या शेडची माणसं आली न्हाईत, आमची सव्वीसपैकी एकवीस आली. त्यातले दोघं आपापला चुलतभाऊ घेऊन आले.

दुसरी गोष्ट खोल्यांची. शेडच्या मागं सहा खोल्या बांधल्या, नळ, संडास, पंखे. खर्च लय वाटला तेव्हा. पण आपल्याच भागात किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली ती कारखान्याबरोबर वस्ती घेऊनच. माळावर कारखाना काढायचा तर माणूस राहणार कुठं, हा प्रश्न तेव्हाच सोडवलेला आहे. आपण ते विसरलो.

मायक्रॉन, त्यानं आधी का सांगितलं न्हाई विचारताय. तुम्ही त्याच्याशी कामाशिवाय शेवटचं कधी बोललात?

मायक्रॉन
गुरुवार, दुपारी १.५५

ओतशाळा, बराच वेळ विचार केला. गेल्या खंडेनवमीला मशिनांची पूजा झाल्यावर पेढा दिला तेव्हा "घरी सगळं बरं ना" एवढंच विचारलं होतं. त्याच्या लेकराचं नाव मला माहीत नाही.

सुईदोरा
गुरुवार, दुपारी ३.१५

सोलापूरला माझं शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे, अठरा बायका आणि दोन पुरुष. काहीजणी अकरा वर्षांपासून आहेत. मी कोणालाही बाजारभावापेक्षा जास्त देत नाही, देऊ शकत नाही. फक्त वेळ बदलली. सकाळी साडेदहा ते साडेपाच. मुलं शाळेत सोडून यायचं, दिवेलागणीच्या आत घरी. मूल आजारी असेल तर फोन करायचा, कारण विचारणार नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं उत्पादन घटेल. ओव्हरलॉकवरच्या बाया एवढ्या वेळात इतरांच्या नऊ तासांइतकं काम उरकतात, कारण त्यांचं चित्त घराकडे लागलेलं नसतं.

पण कटिंग मास्टर मला टिकवता आला नाही. सात वर्षांनी स्वतःचं युनिट काढतो म्हणाला. रडले मी. मग नवऱ्याने समजावलं की त्याला जायचंच आहे तर भांडून कशाला पाठवतेस. आज जून जवळ आला की माझं जास्तीचं काज-बटणाचं काम त्याच्याकडे जातं आणि त्याच्या मोठ्या ऑर्डरचं कटिंग माझ्या टेबलावर होतं.

धोटा
गुरुवार, संध्याकाळी ५.३०

इचलकरंजीहून. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, म्हणजे कामगार टिकवायची ही चर्चा इथे चार पिढ्या चाललीय. आमचा जुना उपाय म्हणजे उचल. कामगाराला लग्नाला, आजारपणाला, घराच्या पत्र्याला पैसे द्यायचे आणि आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे कापायचे. पैसे फिटेपर्यंत माणूस जात नाही.

मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आता बंद केलं, का ते सांगतो. मजुरी बावन्न पिकावर (पीक म्हणजे कापडातले आडवे धागे) ठरते, मीटरला अमुक पैसे. मंदी आली, माग बंद राहिले की मजुरी घटते, पण उचल तेवढीच राहते. माणूस फेडू शकत नाही, वर आणखी उचलतो. एक चांगला जॉबर, मागाची नाडी ओळखणारा, माझ्याकडे साठ हजार उचल ठेवून रात्रीत बायकोमुलांसह निघून गेला. मी चार महिने चिडून होतो. नंतर कळलं की बायकोचं ऑपरेशन होतं आणि आणखी पैसे मागायची त्याला लाज वाटत होती.

कर्जाने बांधलेला माणूस टिकला असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त अडकलेला असतो. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ पासून आहे, आणि उचलीच्या बदल्यात माणूस अडवून ठेवणं त्याच्या किती जवळ जातं हे आपण मालकांनी वाचून बघावं. गरजेला पैसे मी आजही देतो. पण ज्याला जायचंय त्याला सांगतो, जा, राहिलेले हप्त्याने पाठव. बहुतेक जण पाठवतात.

ताळेबंद
गुरुवार, रात्री ८.१०

मी लघुउद्योगांचे हिशोब बघतो. मायक्रॉन, भावनेचं इतरांनी सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो.

तुमच्याकडे चौदा माणसं, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा तुम्हाला लागू आहे. त्याची मर्यादा दहा माणसांची आहे. सेटरला पाच वर्षांच्या वर झाली. त्याचा बेसिक समजा २० हजार असेल, तर त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. आठ वर्षांचे झाले सुमारे ९२,३०० रुपये. हे त्याने मागायची वाट बघायची नाही. तीस दिवसांत द्यायचे.

आता मला सांगा, हे पैसे दरवर्षी साठत होते हे त्याला कधी कळलं होतं का? माझ्या एका अशिलाने दर दिवाळीला बोनसबरोबर प्रत्येकाला चिठ्ठी द्यायला सुरुवात केली: तुझे एवढे जमले. देणं तर कायद्यानेच लागतं, मग ते लपवून ठेवून फायदा कोणाचा?

दुसरं, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. दहा माणसांपासून लागू होतं, पण पगाराची मर्यादा २१ हजार आहे, २०१७ पासून तीच. म्हणजे तुमचा हेल्पर आणि ऑपरेटर त्यात बसतो, आणि पोरगा शिकून सेटर झाला, पगार वाढला की चालू अर्धवर्ष संपल्यावर बाहेर पडतो. ज्या माणसावर तुमची दोन मशिनं चालतात त्याच्याच घरच्यांना दवाखान्याचं संरक्षण नाही. मोठी कंपनी त्याला मेडिक्लेम देते. छोट्या वर्कशॉपलाही ग्रुप पॉलिसी काढता येते. चौकशी करा, आठ हजारांच्या वाढीपेक्षा ती बरीच स्वस्त पडेल.

तिसरं पीएफ. वीस माणसांच्या खाली सक्ती नाही, पण मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वखुशीने नोंदणी होते.

मायक्रॉन
गुरुवार, रात्री ८.४५

ताळेबंद, ग्रॅच्युइटी मोठ्या कारखान्यांना असते एवढंच मला माहीत होतं. आठ वर्षांत माझ्या अकाउंटंटने एकदाही विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. ९२ हजार आता उभे करायचेत. करीन, त्याचेच आहेत.

पहाटवारा
गुरुवार, रात्री ९.००

पीएफवरून आठवलं. माझ्या भाच्याचं लग्न तीनदा मोडलं. मुलगा निर्व्यसनी, कमावता, टर्नर. मुलीकडचे एकच विचारायचे, "कंपनीत आहे की वर्कशॉपमध्ये? पीएफ कापतो का?" शेवटी त्याने कमी पगारावर कंपनी धरली आणि चार महिन्यांत अक्षता पडल्या! तेव्हा मालकांनो, पोरं पगारासाठीच सोडतात असं समजू नका.

ऑफसेट
गुरुवार, रात्री ११.५०

सगळा धागा वाचला. मी मालक नाही, मी त्या सेटरच्या बाजूचा आहे. लातूरकडचा, मशिनिस्ट ट्रेड. पुण्यात आलो तेव्हा कॉट बेसिसवर सहा जण एका खोलीत होतो. बारा वर्षांत तीन वर्कशॉप सोडली. प्रत्येक वेळी मालकाला वाटलं पैशासाठी गेला. म्हणून लिहितोय.

पहिलं सोडलं ते पगाराच्या तारखेमुळे. सात तारीख सांगितलेली. मग दहा, मग अठरा. "पार्टीचं पेमेंट आलं नाही" हे खरंच होतं, मी चलनं बघत होतो. पण खोलीचं भाडं पाच तारखेला असतं आणि खोलीमालकाला पार्टीचं पेमेंट समजत नाही. दोन हजार कमी पण तारखेला देणारा मला चालला असता.

दुसरं सोडलं कारण मालकाचा पुतण्या आला. डिप्लोमा झालेला, स्वभावाने चांगला मुलगा. पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) त्याला वाचता येत नव्हता, तो मी शिकवला, आणि सहा महिन्यांनी तो माझा सुपरवायझर. त्या दिवशी कळलं की इथे माझ्यावर छत आहे. मी कितीही शिकलो तरी सेटरच. रोखठोकसाहेब, तुम्ही प्रोग्रॅमिंग स्वतःकडे ठेवता म्हणालात. तुमचा हुशार मुलगा त्याच दिवशी दुसरीकडे बघायला लागतो.

तिसरं सांगायला अजून जड जातं. एका लॉटमधले अकरा जॉब रिजेक्ट झाले. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा. चूक माझी होती, रात्रपाळीला ऑफसेटमध्ये चुकीचं चिन्ह टाकलं. मालकाने ते अकरा जॉब सकाळी सगळ्यांसमोर टेबलावर मांडले, हेल्परपासून सगळ्यांना बोलावलं, आणि बोलले. पगारातून कापलेही. कापलेल्या पैशाचं मी विसरलो. पण तो टेबल विसरलो नाही.

आता जिथे आहे तिथे सहा वर्षं झाली. सोळा माणसांचं वर्कशॉप, मालकांना आम्ही काका म्हणतो. पहिल्या वर्षी माझ्याकडून जॉब गेला तेव्हा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि "परत होऊ नये म्हणून काय करू या" असं विचारलं. आता ऑफसेट भरला की दुसऱ्या माणसाने बघून सही करायची, ही पद्धत मी सुचवली आणि ती माझ्या नावाने ओळखली जाते. नवीन जॉबचं कोटेशन करताना मला शेजारी बसवतात. दोनदा कस्टमरकडे नेलं. मागच्या वर्षी चाकणवरून मलाही फोन आला होता. मी काकांना विचारायला गेलो, कारण त्यांना विचारता येतं. ते म्हणाले, एवढे मी देऊ शकत नाही, पण चार वर्षांत प्रोडक्शन तुझ्याकडे सोपवायचंय, त्याचा पगार हा असेल, आणि आकडा कागदावर लिहून दिला. मी राहिलो.

मायक्रॉनसाहेब, तुमच्या सेटरने आधी विचारलं नाही कारण विचारून काय होणार ते त्याला माहीत नव्हतं.

दावा_क्रमांक
शुक्रवार, सकाळी ८.२०

ऑफसेट, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. एक जोडते. एवढ्या लहान आस्थापनेत पगार सात तारखेच्या आत देणं हे वेतन प्रदान कायद्याने १९३६ पासूनच घालून दिलं होतं. आणि नुकसानीपोटी कापायचं असेल तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सकाळी टेबलावर जॉब मांडणं म्हणजे म्हणणं ऐकणं नव्हे.

ताळेबंद
शुक्रवार, सकाळी ९.०५

पगाराच्या तारखेचं मूळ पार्टीच्या पेमेंटमध्ये आहे हे ऑफसेटने बरोबर धरलं. लहान मालक त्यात खरोखर भरडतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. शिवाय आयकराच्या कायद्यात नवीन तरतूद आल्यापासून, वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये त्यांचे अकाउंटंट तुम्हाला स्वतःहून फोन करतात. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. आणि एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, तिला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.

रोखठोक६७
शुक्रवार, सकाळी १०.३०

ऑफसेट, तुमचं वाचून बरं वाटलं नाही, आणि ते खरं आहे म्हणूनच. पण माझी बाजूही ऐका. २०११ मध्ये मी एका मुलाला सगळं शिकवलं, प्रोग्रॅमिंगसकट. तो माझ्या सर्वांत मोठ्या कस्टमरकडे जाऊन माझ्याच रेटपेक्षा तीन टक्के कमी देऊन बसला. त्या वर्षी मला एक मशीन विकावं लागलं. तेव्हापासून कुलूप लावलं. सगळ्यांना शिकवा म्हणणं सोपं आहे, एकदा हात पोळला की कळतं. त्या मतावर मी आजही आहे. सर्टिफिकेटं मात्र देऊन टाकतो. नऊ आहेत कपाटात.

सुईदोरा
शुक्रवार, सकाळी ११.००

नऊच्या नऊ आज देऊन टाका, रोखठोकदादा. बाकीचं भांडण आपण नंतर करू :)

आयटीआयचे_सर
शुक्रवार, दुपारी २.४०

मी आयटीआयमध्ये शिकवतो. आमच्या मुलांपैकी चांगले दहा जण मोठ्या कंपन्या अ‍ॅप्रेंटिस म्हणून उचलतात. छोट्या वर्कशॉपना वाटतं ही योजना त्यांच्यासाठी नाही. अहो, तीस किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती आहे, पण चार माणसांपासून पुढे कोणीही स्वखुशीने अ‍ॅप्रेंटिस घेऊ शकतो. २०१६ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला कमाल दीड हजारापर्यंत, सरकार उचलतं. मुलाला शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं.

मायक्रॉन, एका सेटरवर दोन मशिनं अडकतात, कारण त्याच्या मागे कोणी तयार होत नव्हतं. दरवर्षी एक मुलगा घ्या आणि त्याला शिकवायचे वेगळे पैसे सेटरला द्या.

नेकारकाठ
शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

श्टुटगार्टजवळून लिहितोय, एका चाळीस माणसांच्या टूलरूममध्ये आहे. इथेही हेच दुखणं आहे. साडेतीन वर्षं मुलाला शिकवायचं, उद्योग चेंबरची परीक्षा तो पास होतो आणि मोटारीच्या मोठ्या कंपनीत जातो. मालक कुरकुरतात, पण शिकवणं थांबवत नाहीत. जे राहतात त्यांना विचारलं की एकच उत्तर मिळतं. तिकडे वर्षभर एकच भाग करतो, इकडे ड्रॉइंगपासून डाय प्रेसवर चढेपर्यंत सगळं माझ्या हातचं असतं. आणि पुढे माइस्टर (परीक्षा देऊन झालेला उस्ताद कारागीर) होता येतं, त्याला गावात मान असतो.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हा भोसरीकरांनो, आता नुसतं चाकणकडे बघून भागणार नाही.

ओतशाळा
शुक्रवार, रात्री ८.००

आता जर्मनीबी आली का! आमच्या मोल्डरला तिकडची थंडी सोसायची न्हाई, एवढंच समाधान.

मायक्रॉन
रविवार, रात्री १०.२०

काल त्याच्याशी बोललो. केबिनमध्ये नाही, दोघं चहाच्या टपरीवर गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तो जाणार आहे. मुलगी चार वर्षांची, तिच्या कानाचं ऑपरेशन व्हायचंय, आणि चाकणच्या कंपनीत मेडिक्लेम आहे. ताळेबंद, तुम्ही ईएसआयचं लिहिलं होतं ते वाचलं तेव्हा हे मला माहीतही नव्हतं. त्याचा पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हा मी पेढे वाटले होते. त्याच महिन्यात दवाखान्याचं कार्ड जाणार हे त्याच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "तुम्ही पगार वाढवलात, त्यावर तक्रार कशी करणार?"

मी थांब म्हणालो नाही. ऑपरेशन थांबणार नाही. ग्रॅच्युइटीचा आकडा सांगितला तेव्हा त्याला आधी खरं वाटेना, दोनदा विचारलं. अर्धी रक्कम या आठवड्यात देतोय, उरलेली तीस दिवसांच्या आत.

मग त्यालाच विचारलं, तुझ्या जागी कोण? त्याने ज्याचं नाव घेतलं तो आमचा हेल्पर आहे. चार वर्षं जॉबच्या कडांची बर (कापताना राहिलेली खरखर) काढतोय, मशीन पुसतोय. सेटर म्हणाला, दुपारच्या सुट्टीत मी त्याला ऑफसेट शिकवलेत, त्याला फॅनुकचे (मशिनच्या कंट्रोलरचे) अलार्म पाठ आहेत. माझ्याच शेडमध्ये हे चाललं होतं. चाकणची सुट्टी रविवारी असेल, तर पुढचे दोन महिने तो रविवारी सकाळी येऊन त्या मुलाला सेटिंग दाखवणार आहे. पैसे नको म्हणत होता, मी दिवसाची मजुरी ठरवूनच उठलो.

ताळेबंद, ग्रुप पॉलिसीसाठी माणसांची यादी कशी द्यायची ते कळवाल का? तेरा माणसं आणि घरचे. आयटीआयचे सर, यंदाचा एक मुलगा मला हवाय.

आयटीआयचे_सर
रविवार, रात्री १०.५५

मुलगा आहे. जुन्नरकडचा, ड्रॉइंग सुंदर काढतो. पोर्टलवर आधी तुमची नोंदणी करून घ्या, मग बुधवारी त्याला घेऊन येतो. राहायची सोय काय आहे?

मायक्रॉन
रविवार, रात्री ११.०५

ती बघतो. बुधवारच्या आत सांगतो.